शून्य किलोला तुटणारा दोर

सोमवार, ४

आज रुजू झालो. मुख्य कार्यालयात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला दोरांच्या कारखान्यात पाठवतात, म्हणजे इथली परिस्थिती किती बिकट असेल! साहेब म्हणाले होते, "तिथली फाइल तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" आणि त्याच दुपारी माझं टेबल रिकामंही करून दिलं. इतकी तत्परता त्या कार्यालयात मी कधी पाहिली नव्हती. निरोपाला कोणी थांबलं नाही. अशा प्रसंगी लोकांना अवघडल्यासारखं होतं.

इथला मॅनेजर मालकांचा पुतण्या आहे. डोकं टेबलावरच्या काचेसारखं, वर काही ठेवलं नसेल तर अगदी स्वच्छ. त्याने फाइल उघडून दाखवली. काम असं: दोराच्या प्रत्येक लॉटमधून चाळीस तुकडे घ्यायचे, यंत्रात ताणून तोडायचे, किती किलोला तुटला तो आकडा शीटमध्ये लिहायचा. चाळिसांतला सगळ्यांत कमी आकडा प्रमाणपत्रावर जातो. दोन हजाराच्या खाली गेला तर तो लॉट विकायचा नाही. पूर्वी प्रमाणपत्र हाताने लिहायचे, आता मालकांना ते शीटमधून आपोआप निघायला हवं आहे.

आपोआप काय निघतं? किमान: शून्य. सरासरीच्या जागी भागाकाराची चूक. म्हणजे फाइलच्या मते हा कारखाना शून्य किलोला तुटणारा दोर बनवतो. नुसतं बघितलं तरी तुटायला हवा.

"महिनाभर असंच येतंय," पुतण्या म्हणाला. जसं काही पावसाबद्दल बोलतोय.

मंगळवार, ५

रोग सापडायला चार मिनिटं लागली. सगळे आकडे चौकटीच्या डाव्या भिंतीला चिकटलेले. खरा आकडा उजवीकडे उभा राहतो, अक्षरं डावीकडे. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण, म्हणजे संगणक बिचारा कधीपासून ओरडतोय. कोणीतरी अख्खी शीट 'मजकूर' करून ठेवली होती. आपल्याला दोन हजार एकशे दिसतात, संगणकाला चार अक्षरं दिसतात. अक्षरांतून किमान कसं निघणार? म्हणून शून्य.

हे पुतण्याला समजावायला मात्र चाळीस मिनिटं लागली.

कर्तबगार व्यक्ती कोण, तर चाचणी विभागातल्या काकू. सगळे त्यांना काकूच म्हणतात. साठीच्या आसपास, चष्म्याला दोरी (कारखान्याचीच असावी), बोटं झाडाच्या मुळांसारखी. त्यांना बोलावलं.

"ही शीट मजकूर कोणी केली?"

"मी. लॉटच्या नंबरापुढची शून्यं पळून जायची. शून्य शून्य एकोणीस लिहिलं की नुसते एकोणीस राहायचे. म्हणून सगळंच अक्षर केलं."

"नुसता एक कॉलम करायचा होता."

"मला सगळंच करता येत होतं."

"मग किमान आकडा कसा काढायचात?"

"बघून."

"बघून?"

"चाळीसच तर असतात, साहेब."

यावर काय बोलणार! यंत्रयुगात ही बाई बघते.

गुरुवार, ७

काम फत्ते. प्रकार बदलून नुसता 'आकडा' केला तर काही होत नाही, हे इथे कोणाला माहीत असण्याची शक्यता नाही. आधी टाइप झालेलं तसंच मजकूर राहतं. मी शेजारी नवा कॉलम घेतला आणि मजकुराचा आकडा करणारा फॉर्म्युला खालपर्यंत ओढला. झरझर सगळे उजवीकडे सरकले. पाहायला फार बरं वाटलं. पुतण्याने "वा!" म्हटलं.

पण मध्ये मध्ये चूक दाखवणाऱ्या चौकटी उरल्या. काकूंचा प्रताप. "१७६०?" "१८१५? जबडा." "१७९०??" आकड्यापुढे प्रश्नचिन्ह! आकडा म्हणजे काय कादंबरी आहे? जिथे चिन्ह तिथे फॉर्म्युला अडकतो. एवढ्यासाठी प्रत्येक चौकट हाताने साफ करत बसायला मी कारकून नाही. "चूक आली तर जागा रिकामी सोड" असं फॉर्म्युल्याला सांगितलं. सगळ्या चुका एका फटक्यात गायब. हिरवे त्रिकोणही सेटिंगमध्ये जाऊन बंद केले, डोळ्यांना खुपत होते.

तपासलेल्या तुकड्यांची मोजणी लॉट एकोणीसला पस्तीस दाखवत होती. तुकडे चाळीस असतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो फॉर्म्युला काढून सरळ चाळीस टाइप केलं.

लॉट एकोणीस, किमान बावीसशे दहा. उत्तम दोर. प्रमाणपत्र छापलं, सही ठोकली. माझी सही इथल्या कागदावर फार भारदस्त दिसते.

शनिवार, ९

काकू दुपारी आल्या. हातात प्रमाणपत्राची प्रत. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"साहेब, एकोणीसचा किमान बावीसशे दहा कसा?"

"फाइल सांगते."

"मी सतराशे चाळीस बघितलाय."

"काकू, तुम्ही बघता आणि फाइल मोजते. दोन्हींत फरक असायचाच."

"मी तो लॉट अडवलाय. लाल दोरा बांधून बाजूला ठेवलाय. परत ताणायचेत पाच तुकडे."

मी त्यांना शांतपणे समजावलं की परवापर्यंत ज्या शीटमध्ये दोर शून्य किलोला तुटत होता, ती शीट त्यांची होती. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, चूक उमगली असावी.

घरी बायकोला हे सांगितलं. ती भाड्याच्या घरात खिडक्यांना पडदे लावत होती. म्हणाली, "बिचारी शनिवारी दुपारी जिना चढून आली तर." बायकोला नेमका जिनाच दिसतो.

मंगळवार, १२

काकूंना पॅकिंगमध्ये पाठवलं. मी फक्त पुतण्याला म्हटलं होतं की शिस्तीत टाइप करणारा माणूस हवा. निर्णय त्याचा. त्यांच्या जागी स्टोअरकीपर येणार. जाडा, जांभया देणारा माणूस आहे, पण आकड्यापुढे कविता करत नाही.

पॅकिंगमधल्या बायका मी गेलो की बोलायच्या थांबतात. दरारा म्हणतात तो हाच.

बुधवार, १३

लॉट एकोणीस रवाना. उंच इमारती रंगवणाऱ्या एका कंत्राटदाराने घेतला, रंगाऱ्यांचे पाळणे टांगायला. लाल दोरा कापून टाकायला दोन माणसं लागली, इतका घट्ट बांधला होता बाईने.

सोमवार, १८

स्टोअरकीपरने पहिला लॉट तपासला. बावीस नंबर. आकडे एकदम स्वच्छ, सगळे उजवीकडे, एकही प्रश्नचिन्ह नाही. आणि किमान: सतराशे सत्तर! सात तुकडे दोन हजाराच्या खाली.

मी त्याला फैलावर घेतलं. "हे काय लिहिलंय?"

"यंत्रावर दिसलं ते."

"काकूंच्या वेळी एकही तुकडा बावीसशेच्या खाली जात नव्हता."

त्याने जांभई अर्ध्यावर सोडली. "कोण म्हणालं? काकूंच्या वेळीही जायचे की. त्या शिव्या घालायच्या नव्या धाग्याला."

हा माणूस यंत्रही धड चालवू शकत नाही, वर काकूंच्या नावावर खपवतो. पुतण्याला सांगून ठेवलं, बदलावा लागेल.

मंगळवार, १९

सकाळी चहा घेताना बायकोने विचारलं, "त्या काकूंचं काय झालं हो?" तिला भाजीच्या दुकानात भेटल्या म्हणे. तक्रार केली नाही, फक्त पॅकिंगमध्ये उभं राहून गुडघे दुखतात इतकंच म्हणाल्या.

तेव्हा तिला एकदा सगळं नीट समजावून सांगितलं. मजकूर, आकडा, नवा कॉलम, रिकाम्या जागेची युक्ती. एकवीस वर्षांत तिने माझं काम इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. कप हातात तसाच धरून बसली होती.

"म्हणजे प्रश्नचिन्हवाले आकडे गेले कुठे?"

"कुठेच नाही. फॉर्म्युल्याने सोडून दिले."

"सगळे?"

"सगळे."

"म्हणजे जिथे त्यांना शंका आली, नेमके तेवढेच तुम्ही गाळलेत?"

मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ती उठून कप विसळायला गेली. माझाही कप घेऊन गेली, अर्धा चहा त्यात असताना.

बुधवार, २०

कार्यालयात पोचल्याबरोबर दार लावून फाइल उघडली. तिला कळत नाही हे सिद्ध करण्यासाठीच.

लॉट एकोणीस. पाच रिकाम्या चौकटी. शेजारी काकूंचा मूळ कॉलम: १७६०, १८१५, १७९०, १९०५, १७४०. पाचही दोन हजाराच्या खाली. मोजणी पस्तीस दाखवत होती ती बरोबर होती. चाळीस मी टाइप केले होते.

खुर्चीवरून उठलो. पाणी प्यायलो. मग मनाशी विचार केला. सुरक्षेसाठी दोर मागितलेल्याच्या कितीतरी पट मजबूत घेतात, असं कुठेतरी वाचलं आहे. पाळण्याचं वजन सतराशे किलो थोडंच असतं? माणसं काही हत्ती नाहीत. घाईत बोभाटा केला तर मुख्य कार्यालयात काय वाटेल? दोन महिन्यांत परत बोलावणार आहेत मला.

उद्या बघू, पुतण्याला सांगू.

दुपारी जेवण गेलं नाही. इथल्या कँटीनमध्ये जेवण तसंही जाण्यासारखं नसतं.

गुरुवार, २१

दहा वाजता पॅकिंगमध्ये गेलो. बायका बोलायच्या थांबल्या. काकू गुंडाळीवर पट्टी चिकटवत होत्या.

"काकू, प्रश्नचिन्ह म्हणजे काय?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुकडा यंत्राच्या जबड्यापाशी तुटला तर दोष दोराचा की जबड्याचा, कळत नाही. जबड्याची पट्टी झिजली की ती दोर चावते. पट्टी बदलून परत ताणायचं असतं. तोवर प्रश्नचिन्ह."

"म्हणजे दोर चांगलाही असेल?"

"असेल. नसेलही. म्हणून तर अडवला होता."

मी सांगितलं, गेला. त्यांच्या हातातली पट्टी वाकडी चिकटली. "कधी?" "तेराला." त्यांनी पदर खोचला. "टेंपो आहे का बाहेर?"

पुतण्याला विचारायला मी वळलो तर त्या फाटकापर्यंत पोचल्याही होत्या. टेंपोत पुढे आम्ही तिघं, ड्रायव्हर गियर टाकताना माझ्या गुडघ्यावर कोपर मारत होता. काकू मांडीवर हात ठेवून समोर बघत होत्या.

इमारत चौदा मजली. पिवळा रंग अर्ध्यापर्यंत आलेला. नवव्या मजल्याशी पाळण्यात दोन माणसं. दोर आमचे, कारखान्याच्या खुणेची निळी रेघ खालून दिसत होती.

मुकादम खुर्ची टाकून बसला होता. मी म्हटलं, माणसं खाली घ्या, दोर सदोष असू शकतो. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. "हे बघा. किमान बावीसशे दहा. सहीशिक्क्यानिशी. तुमच्यासारखे रोज दहा जण येतात काम बंद पाडायला."

"हा कागद चुकीचा आहे."

"तुम्ही कोण सांगणारे?"

"कागद माझाच आहे."

हे वाक्य उच्चारायला माझ्यासारख्या माणसाला किती कष्ट पडले, ते त्या मुकादमाला कळण्याचं कारण नव्हतं. त्याने एकदा सहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तोंडाशी हात धरून वर ओरडला.

पाळणा खाली यायला अकरा मिनिटं लागली. मी मोजली. मध्येच सहाव्या मजल्याशी तो एका अंगाला कलला आणि काकूंनी माझं मनगट धरलं. मग सरळ झाला.

काकू दोराशी गेल्या आणि तो हातातून सरकवू लागल्या, डोळे मिटून. वितभर, वितभर. एका जागी थांबल्या. "इथे बघा." मला काही दिसलं नाही. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं. एक पेड आत दबला होता, दात पडलेल्या हिरडीसारखा.

पाळण्यातला वयस्कर माणूस पट्टे सोडत होता. रंगाचे थेंब भुवयांवर. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तो दोराकडे बघून समजला. "काल मी वर बसूनच डबा खाल्ला," तो म्हणाला. कोणाला उद्देशून नाही.

काल.

शुक्रवार, २२

सगळा लॉट परत आणला. पुतण्या भेदरला आहे. त्याने अहवालाचा मसुदा केलाय: "चाचणी कर्मचारी यांनी आकड्यांचे सोबत अनावश्यक चिन्हे टाकलेमुळे संगणकाने सदर आकडे ग्राह्य धरले नाही." खाली माझ्या सहीची जागा.

तांत्रिकदृष्ट्या यात एकही शब्द खोटा नाही. हेच तर वाईट आहे. चिन्हं काकूंनीच टाकली. संगणकाने आकडे धरले नाहीत, हेही खरं.

"सही करा," पुतण्या म्हणाला. "काकूंची निवृत्ती जवळच आली आहे. त्यांना काय फरक पडतो? तुम्हाला तर परत जायचंय."

कागद पिशवीत घालून घरी आणला. बायकोने वाचला आणि परत दिला. काही बोलली असती तर मी वाद तरी घातला असता.

सोमवार, २५

दोन दिवस तो कागद टेबलावर होता. अखेर आज पुतण्याचा मसुदा फाडला. "टाकलेमुळे"! एवढ्या भिकार भाषेखाली माझी सही जाणं शक्यच नव्हतं. नवा लिहिला. काकूंनी शंका नोंदवली होती. ती मी गाळली. मोजणी पस्तीस आली होती, तिथे चाळीस मी हाताने लिहिले. त्यांनी लॉट अडवला होता, तो मी सोडवला. बुधवारी मला कळलं होतं, गुरुवारपर्यंत मी गप्प बसलो.

शेवटचं वाक्य कोणी विचारलं नव्हतं. लिहून झाल्यावर ते खोडायला पेन टेकवलं, पण खोडलं नाही. प्रत मुख्य कार्यालयाला.

पुतण्या म्हणाला, "तुम्हाला वेड लागलंय." हा माणूस मालकांचा नातेवाईक नसता तर कुठल्याही कारखान्याने त्याला झाडू मारायलाही ठेवलं नसतं.

गुरुवार, २८

मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. समज दिली आहे, वार्षिक वाढ रोखली आहे, ते ठीक. खाली लिहिलंय की तिथली माझी जागा गेल्या महिन्याच्या २ तारखेलाच भरली असल्याने माझी नेमणूक इथेच कायम समजावी.

२ तारीख म्हणजे मी तिथून निघण्याच्याही आधीची. टंकलेखनाची चूक असणार. तिथे आता नीट वाचून सही करणारा माणूस उरला नाही, दुसरं काय.

बायकोला दाखवलं. तिने तारीख वाचली, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "पडदे बरे दिसतात ना?" म्हणाली. मी हो म्हटलं. खरंच बरे दिसतात.

शनिवार, ३०

काकूंना सांगायला गेलो की चाचणी विभाग परत त्यांचाच. मला वाटलं होतं, आनंदतील. त्या म्हणाल्या, "येते. पण एकोणीसचे पाच तुकडे ताणताना तुम्ही यंत्रापाशी उभं राहायचं. आकडा तुम्ही वाचायचा, मी लिहिणार."

"माझी माफी..." मी सुरुवात केली.

"ती मला नको. रंगाऱ्यांना विचारा त्यांना हवीये का."

उद्धट बाई आहे. मी गेलो.

त्यांनी जबड्याच्या पट्ट्या नव्या बसवल्या, तुकडा अडकवला, मला जाळीमागे उभं केलं, डोळ्यांना जाड चष्मा लावायला दिला. तो इतक्या लोकांच्या घामाने कळकट झाला होता की मी रुमालाने दोनदा पुसला. यंत्र सुरू झालं. दोर आधी नुसता बारीक होत गेला. मग कुरकुरायला लागला, लाकडी पलंगासारखा. त्यातून धूर निघतोय असं वाटलं, पण ती धूळ होती. काटा हजार, चौदाशे, सोळाशे.

तो आवाज कसा लिहावा कळत नाही. कानात नाही झाला, छातीत झाला. तुटलेली टोकं जाळीवर आपटली आणि जाळी कितीतरी वेळ थरथरत राहिली. दोर मधोमध तुटला होता, जबड्यापासून हातभर लांब. म्हणजे दोष दोराचाच.

मी नऊ मजले मोजायला लागलो होतो, उगाच.

"बोला," काकू म्हणाल्या. वही उघडी, पेन टेकवलेलं.

काटा थांबला होता. मला तो स्वच्छ दिसत होता. एकवीस वर्षं आकड्यांत गेली माझी, आणि चार आकडे तोंडातून बाहेर पडेनात.

"बोला ना, साहेब."

शेवटी बोटांनी दाखवले. एक. सहा. आठ. पाच.

त्यांनी लिहून घेतलं आणि दुसरा तुकडा उचलला.